नंबर लागेपर्यंत

मैत्रिणींनो, शहाद्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. तिच्या मुलीने नवोदय विद्यालयाची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा दिली आहे आणि यादी अजून लागायची आहे. ती लिहिते, "ताई, देवाजवळ काय मागावे तेच मला कळत नाही. नाव आले नाही तर मुलगी हिरमुसेल. आले तर ती अकराव्या वर्षी माझ्या घरातून जाईल. शिवाय फॉर्म भरताना घरच्यांनी मना केली नाही, पण आता सासूबाई म्हणतात, नंबर लागला तरी मुलीला एवढ्या लांब ठेवायचे नाही. यांचे म्हणणे, आधी लागू तर दे, मग बघू."

हे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी हेच चालले असणार, फक्त लिहायला सवड मिळाली नसेल. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत असते, इकडे कुरडयांचा चीक शिजायला लागतो, काठीच्या राजवाडी होळीची बोलणी सुरू होतात, आणि त्याच दिवसांत घरातल्या एका लहानग्या जिवाचा निकाल कुठेतरी दूर तयार होत असतो. परीक्षेची तारीखही दरवर्षी एक नसते. २०२५ च्या प्रवेशासाठी आपल्याकडची परीक्षा १८ जानेवारीला झाली आणि यादी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लागली. त्याच्या पुढच्या वर्षीसाठी ती १३ डिसेंबरलाच घेतली गेली. करोनाच्या काळात तर २०२१ ची परीक्षा पुढे ढकलत ढकलत ११ ऑगस्टला झाली. त्या वर्षीच्या आयांनी कसे दिवस काढले असतील ते त्यांनाच ठाऊक. तेव्हा शेजारणीने सांगितलेली निकालाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवू नका. तो दिवस कोरडा गेला की मुलाचे तोंड बघवत नाही.

आधी थोडे स्पष्ट बोलू या. आशा धरावी, पण हिशेब माहीत असून धरावी. एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. परीक्षेला जिल्ह्यातून हजारांनी बसतात. या ८० पैकी निदान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा खेड्यातल्या मुलांच्या. उरलेल्या २० जागांवर शहरातली आणि खेड्यातली मुले गुणांप्रमाणे येतात. म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथे नगरपालिकेच्या हद्दीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्या वीसांतच वाट काढायची असते. मूल तिसरी, चौथी, पाचवी या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत शिकले असेल तरी ते शहरी धरले जाते. काही पालक ऐनवेळी मामाच्या गावच्या शाळेत नाव घालतात. पुढे कागद तपासताना ते उघडे पडते आणि नंबर लागलेले मूल परत येते. असे करू नका हो. नंबर न लागण्यापेक्षा लागलेला हातचा जाणे मुलाला जास्त जड जाते.

एकूण जागांपैकी एक तृतीयांश मुलींसाठी राखलेल्या असतात, म्हणजे ८० मध्ये सत्तावीसच्या आसपास. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, मात्र दोन्ही मिळून निम्म्याच्या पुढे जात नाहीत. आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी आहे, त्यामुळे धडगाव-मोलगीच्या डोंगरातल्या मुलांमध्येही चुरस काही कमी नाही. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचे, उरलेले गणित आणि भाषेचे. शिवाय ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसू देत नाहीत. पेपर पुन्हा तपासून मागण्याचीही सोय नाही.

हे सारे मी घाबरवायला सांगत नाही. हे आकडे माहीत असले म्हणजे "आमच्या बाळूनं अभ्यास केला नाही म्हणून राहिला" असे वाक्य आपल्या तोंडून जात नाही. अभ्यास केलेली कितीतरी मुले राहतात. जागाच तेवढ्या.

आणि एक सावधगिरी. या दिवसांत कुणी ना कुणी भेटतोच, की "वहिनी, माझी वर ओळख आहे, थोडा खर्च करा, काम करून देतो." नवोदयला देणगीच्या जागा नाहीत आणि कुणाच्या मर्जीच्याही नाहीत. असा माणूस वीस घरांतून पैसे गोळा करतो. त्यातल्या एक-दोघांचा नंबर आपल्या गुणांनी लागतोच, त्यांचे पैसे हा ठेवतो आणि बाकीच्यांना "पुढच्या यादीत बघू" सांगत फिरवतो. यजमान भोळे असतील तर ही गोष्ट त्यांना आजच सांगून ठेवा.

आता शहाद्याच्या भगिनीच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तो देवाजवळ काय मागावे हा नाही. पाठवायचे की नाही, हे घरात अजून ठरलेलेच नाही, हा आहे. माझे मत विचाराल तर ते यादी लागण्याच्या आधी ठरले पाहिजे, आणि मुलीच्या कानांवर ते स्पष्ट शब्दांत गेले पाहिजे. "आधी लागू तर दे" यात पुरुषांना मोठा शहाणपणा वाटतो, पण त्यात मुलीचे काय होते ते पाहा. ती रोज शाळेतून आल्यावर विचारते, यादी लागली का? आपण म्हणतो, नाही ग. आणि मनात म्हणतो, लागली तरी तुला कोण पाठवणार आहे? दहा-अकरा वर्षांच्या पोरीला हे कळत नाही असे समजू नका. स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोललेले सारे तिला ऐकू जाते.

पाठवायचेच नसेल तर आत्ता सांगा. रडेल, दोन दिवस जेवणार नाही, पण तुमच्यावरचा विश्वास राहील. नंबर लागल्यावर नाही म्हणणे ही दुसरीच गोष्ट आहे. ती मुलगी आयुष्यभर म्हणेल की मला मिळाले होते आणि दिले नाही. तिच्या मागे प्रतीक्षा यादीत दुसरी कुणी मुलगी असते, तिचेही तेवढे दिवस वाया जातात.

माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. मुलगी जायला तयार असेल तर तिला जाऊ द्यावे. सासूबाईंची भीती खोटी नाही, ती हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या काळात मुलगी घराबाहेर राहायची ती सासरी गेल्यावरच. त्यांना भाषण देण्यापेक्षा एखाद्या रविवारी गाडीत बसवून अक्कलकुव्याला घेऊन जा. शहादा-तळोद्याहून सरळ रस्ता आहे. विद्यालयाचा परिसर बाहेरून दाखवा, परवानगी मिळाली तर आतूनही. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईशी त्यांची गाठ घालून द्या. म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेले पटते. मुली वेगळ्या वसतिगृहात राहतात, त्यांची देखरेख बाई करतात, जेवण, राहणे, गणवेश, पुस्तके सरकारकडून मिळतात, हे त्यांनी दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकले पाहिजे. नववीपासून मुलांना महिन्याला ६०० रुपये विकास निधी द्यावा लागतो, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ आहे. खर्चाचा मुद्दा काढणाऱ्या दिरांना हे सांगा.

एक गोष्ट मात्र आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर नववीत घरात स्फोट होतो. तिथे नववीतली सुमारे तीस टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयमध्ये पाठवतात, आणि तिकडची मुले इकडे येतात. प्रवेशाच्या वेळी पालकांनी तशी हमी लिहून द्यायची असते. बऱ्याच जणी तो कागद न वाचता सही करतात. आपल्या पोरीला चौदाव्या वर्षी परप्रांतात राहायचे कदाचित येईल, हे आजच पचवा.

ही शाळा काही आभाळातून पडलेली नाही. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदय विद्यालये प्रयोग म्हणून सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आता ती देशभर साडेसहाशेच्या वर आहेत. खेड्यातल्या हुशार मुलाला पैशांअभावी चांगली शाळा हुकू नये, एवढाच मूळ विचार. आपल्या भागात त्याचे नाव निघाले की डॉ. राजेंद्र भारूड यांची गोष्ट हमखास सांगतात. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले हे मूल. जन्मापूर्वीच वडील गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवणारी. अक्कलकुव्याच्या नवोदयमध्ये शिकून ते मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले, पुढे आय. ए. एस. झाले आणि नंदुरबारचेच जिल्हाधिकारी म्हणून आले. करोनात जिल्ह्यात प्राणवायूची सोय त्यांनी वेळेवर केली, ते तुम्हाला आठवत असेलच.

गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. पण यादीची वाट पाहणाऱ्या मुलाला ती रोज सांगू नका, एवढे माझे ऐका. दहा वर्षांच्या मुलाला त्यातून धीर येत नाही, त्याला वाटते की नंबर लागला नाही तर मी कलेक्टर होणार नाही आणि आईची निराशा होईल. मला त्या गोष्टीत त्या माऊलीचे जास्त कौतुक वाटते. मूल दूर गेल्यावर तिच्या घरात काय उरले असेल, याचा विचार आपण बायकाच करू शकतो.

वाट पाहण्याच्या दिवसांत मुलाचे काय करावे? खरे तर फारसे काही करू नये. त्याच्या भोवती फिरू नये, त्याला "टेन्शन घेऊ नकोस" असे दिवसातून चारदा सांगू नये, कारण त्यानेच ते येते. परीक्षेच्या क्लासचे मास्तर उत्तरांची यादी वाटतात आणि मुले गुणांची बेरीज करत बसतात. एकदा करू द्या, मग ती वही माळ्यावर टाका. क्लासमधल्या मित्रमैत्रिणींचे गुण विचारायला तर मुळीच पाठवू नका. रात्री मूल दचकून उठत असेल, सकाळी पोट दुखते म्हणत असेल, तर रागावू नका आणि लगेच दृष्टही काढू नका. बरेचदा ते मनातलेच असते. दळण आणायला, बाजाराला, चिकाच्या पातेल्याजवळ बसायला बरोबर घ्या. हात कामात असले की पोरे आपणहून बोलतात. माझ्या माहितीतल्या एका मुलाने पापड लाटता लाटता विचारले होते, "आई, माझा नंबर लागला तर माझी खाट कोण घेणार?" त्या आईने चटकन उत्तर दिले, "कुणी नाही, सुट्टीत तुलाच लागेल." याहून चांगले उत्तर मलाही सुचले नसते.

घरात धाकटे भावंड असेल तर त्याच्याकडेही लक्ष असू द्या. या दोन-तीन महिन्यांत सगळे बोलणे एकाचेच चालते. धाकटा मग मुद्दाम दूध सांडतो.

बाहेरच्यांची तोंडे ही वेगळीच बाब. हळदीकुंकवाला, पिठाच्या गिरणीवर, भाजीवालीपाशी, जो तो विचारतो, "काय व माय, पोरना नंबर लागना का?" विचारणारीच्या मनात पाप नसते, पण मूल पदराला धरून उभे असते. अशा वेळी एकच ठरलेले उत्तर ठेवा, "यादी लागली की पेढे घेऊन येऊ, नाहीतर तशाच चहाला येऊ." पुढचा प्रश्न येत नाही. नातेवाइकांना रोजचा तपशील देऊ नका. फॉर्म भरल्याचे जितक्या कमी जणांना माहीत, तितके मुलाला हलके. आता सांगून झाले असेल तर झाले.

हा वेळ वाया जाऊ देऊ नका, म्हणजे कागदांसाठी वापरा. यादीत नाव येणे म्हणजे प्रवेश नव्हे, ती तात्पुरती निवड असते. नंतर जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, तिसरी ते पाचवीच्या शाळेचे दाखले, लागू असेल तर जातीचा दाखला आणि खेड्यात शिकल्याचा दाखला, तब्येत ठीक असल्याचे डॉक्टरांचे पत्र, हे सारे मागतात. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे आज रात्री जेवणानंतर बघा. आधार कार्डावर एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरे, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तहसील कचेरीत उन्हाळ्यात गर्दी असते, त्यामुळे आत्ताच अर्ज टाकलेला बरा. एका जुन्या साडीच्या खोक्यात सगळे मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला. ही जबाबदारी यजमानांवर टाकून "तुम्हीच बघा" म्हणू नका, कारण ऐनवेळी कागद कुठे आहे ते तुम्हालाच विचारतात.

निकाल मोबाइलवर रोल नंबर आणि जन्मतारीख घालून बघता येतो. यादी विद्यालयातही लावतात. डोंगरातल्या गावांत रेंज नसते, त्या पालकांना तालुक्याला यावे लागते. तुमच्या ओळखीत अशी कुणी बाई असेल, घरी कामाला येणारी असेल, तिच्याही मुलाचा नंबर आपल्याबरोबर बघून द्या. रोल नंबर आधीच लिहून घेतला तर पाच मिनिटांचे काम आहे. आणि स्वतःच्या मुलाचा बघताना त्याला शेजारी बसवूनच बघा. आई-बापांनी आधी चोरून बघायचे आणि मग चेहरे करून बाहेर यायचे, हे मला पटत नाही. निकाल त्याचा आहे.

नाव नसले तर? पहिल्या यादीवर सगळे संपत नाही. काही मुले जात नाहीत, काहींचे कागद बसत नाहीत, मग प्रतीक्षा यादीतल्यांना बोलावतात. हे पावसाळ्यापर्यंत चालते. पण त्या आशेवर मुलाची इथली शाळा अडवून ठेवू नका. जूनमध्ये सहावीची वह्या-पुस्तके नेहमीसारखी आणा, कव्हरे घाला. आलेच बोलावणे तर कव्हर घातलेली पुस्तके धाकट्याला होतील. नवोदयमध्येच नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, मात्र सरकारी वा अनुदानित शाळेत शिकत असले पाहिजे. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळा आहेत. यांची माहिती काढून ठेवा, पण निकालाच्याच दिवशी मुलापुढे मांडू नका. त्या दिवशी त्याला आवडते ते जेवायला करा आणि लवकर झोपू द्या.

आणि नाव आले तर, मैत्रिणींनो, हातात दिवस थोडेच असतात. म्हणून काही गोष्टी आत्तापासून शिकवा. नंबर लागो न लागो, त्या वाया जाणार नाहीत. स्वतःचे मोजे आणि आतले कपडे रोज धुणे, अंथरुणाची घडी, बटण लावणे, ताटातले संपवणे. मुलीला स्वतःची वेणी घालता आली पाहिजे आणि उवा झाल्या तर न लाजता सांगता आले पाहिजे. पाळीविषयीही आत्ताच बोला. अकरा-बारा वर्षे हेच वय, आणि ती वेळ तुमच्या नजरेआड येऊ शकते. "ते आल्यावर सांगू" म्हणत बसलात तर ती बिचारी वसतिगृहाच्या न्हाणीत एकटी घाबरेल. घड्या कशा वापरायच्या, कुठे टाकायच्या, कुणाला सांगायचे, सगळे सरळ शब्दांत सांगा. अंगाला कुणी नको तसा हात लावला तर ओरडायचे आणि घरी कळवायचे, हे मुलग्यालाही सांगा.

मुलांना तिथे मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत आणि भेटीचे दिवस ठरलेले असतात. तेव्हा पत्र लिहायची सवय लावा. पंधरा पोस्टकार्डांवर आपला पत्ता आधीच लिहून पेटीत ठेवा, म्हणजे मुलाला मागची बाजूच भरायची राहते. पेटी पत्र्याची, मध्यम आकाराची घ्या, फार मोठी नको, खाटेखाली गेली पाहिजे. कपड्यांवर नाव शाईने लिहू नका, दोन धुण्यांत जाते. जाड दोऱ्याने आतल्या बाजूला दोन अक्षरे काढा. चादरीच्या एका कोपऱ्याला रंगीत चिंधी शिवा, चाळीस चादरींतून लहान मुलाला आपली चटकन ओळखू येते. कुलपाची एक किल्ली मुलाच्या कमरेच्या करदोऱ्याला नको, आंघोळीत हरवते. ती गळ्यातल्या जाड दोऱ्यात घाला आणि दुसरी तुमच्या कपाटात ठेवा. खाऊ पहिल्या खेपेला थोडाच द्या. शेंगदाण्याचे लाडू आणि शेव पुरे, कारण पहिल्या रात्री तो खोलीभर वाटला जातो आणि तसाच वाटला जावा.